जुने मथळे आणि त्यांचे प्रताप

श्रोतेहो, वर्तमानपत्राचा मथळा आज आपण चहाच्या घोटाबरोबर गिळतो आणि कपबशी खाली ठेवेपर्यंत विसरूनही जातो. पण एक काळ असा होता की मथळा लिहिणाऱ्याला तो विसरण्याची सोयच नसे. त्याची आठवण ठेवण्याचे काम सरकारने आपल्या अंगावर घेतलेले असे. आज अशाच काही जुन्या मथळ्यांची हकीकत सांगायची आहे. त्यांत हसण्यासारखे पुष्कळ आहे. पण त्यासाठी ज्यांनी तुरुंगाची भाकरी खाल्ली, त्यांना ती हसत हसत खाता आली असेल असे मात्र नाही.

आधी मथळा म्हणजे काय ते सांगतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढला, तेव्हा आजच्यासारखी पानभर पसरलेली ठळक अक्षरे नव्हती. एका रकान्यात इंग्रजी, शेजारच्या रकान्यात मराठी, असा तो सरळ साधा कागद होता. पुढे 'ज्ञानप्रकाश' आला, आणि १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आला, तेव्हाही मथळा म्हणजे अग्रलेखाच्या डोक्यावरची एक ओळ. फेट्यासारखी मोठी नव्हे, टोपीएवढी. पण ही टोपी मोठी बोलकी असे. खेड्यात अंक यायचा एक आणि ऐकणारे असायचे दहा. एकाने पारावर बसून मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. लेख लांबलचक, संस्कृत शब्दांनी भरलेला. तो सगळ्यांच्या डोक्यात शिरे असे नाही. मथळा मात्र पाठ होई आणि तोंडोतोंडी पुढच्या गावाला जाई.

आपल्या भोर-वेल्ह्याच्या मंडळींना यात आणखी एक गंमत होती. पुणे येथून जेमतेम पन्नास किलोमीटर. पण भोर हे पंत सचिवांचे संस्थान आणि पुणे इंग्रजी मुलखात. म्हणजे पुण्याचे वर्तमानपत्र हे एका अर्थी परमुलखातले. राजगड, तोरणा आपल्या अंगणात, आणि त्यांच्यावरचे लेख छापले जाणार पुण्याच्या छापखान्यात! संस्थानी माणसाला वर्तमानपत्राचे महत्त्व म्हणूनच जास्त. दरबारात बोलायची चोरी असली की माणूस पुण्याच्या संपादकाकडे पाही. या सवयीतूनच पहिला मोठा खटला उभा राहिला, तो मात्र भोरचा नव्हे, कोल्हापूरचा.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी हे वयाने लहान होते. त्यांना वेड लागले आहे असे कारभारी म्हणत. त्यांना छळून वेडे ठरवले जात आहे असे लोक म्हणत. दिवाण होते माधवराव बर्वे. 'केसरी' आणि त्याचा इंग्रजी भाऊ 'मराठा' यांनी बर्व्यांवर तोफ डागली आणि बर्व्यांच्या हातची म्हणून सांगितली गेलेली काही पत्रे पुरावा म्हणून धरली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. कोर्टात ती पत्रे बनावट ठरली! आता काय करता? संपादकांनी दिलगिरी दाखवली, पण तीही कामी आली नाही. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांनाही चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला दोघे सुटले.

या खटल्यातली एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. या दोघा तरुण ब्राह्मण संपादकांना जामीन हवा होता, रक्कम दहा हजारांची. तो मिळवून देण्यासाठी धावून गेले ते जोतीराव फुले. त्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे जामीन राहिले. फुल्यांचे आणि 'केसरी'चे पुढे फारसे जमले नाही, हे खरे. पण त्या दिवशी जोतीरावांनी मते मोजत बसण्यापेक्षा माणसे सोडवणे पसंत केले.

आगरकरांनी सुटून आल्यावर त्या १०१ दिवसांवर एक पुस्तक लिहिले. कोठडीत हे दोघे देशाचे आणि शाळा-कॉलेजचे बेत इतक्या मोठ्याने करीत की पहारेकऱ्याला गप्प करायला यावे लागे. तुरुंगात आवाज चढवून शिक्षणसंस्थेची योजना आखणारे कैदी त्या पहारेकऱ्याने आधी पाहिले नसावेत. राहता राहिले बिचारे छत्रपती. ते १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात, त्यांच्यावर नेमलेल्या एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर वारले. पत्रे खोटी होती. मुलाचे दुःख खोटे होते असे मात्र कोणाला म्हणता आले नाही.

आता जरा हलके प्रकरण. वर्तमानपत्रात नुसती नावांची यादी छापूनही केवढा भूकंप होतो, ते पुण्याने १८९० साली पाहिले. १४ ऑक्टोबरला पंचहौद मिशनमध्ये पाद्र्यांनी एक सभा बोलावली होती. पुण्यातली चाळीस-पन्नास प्रतिष्ठित मंडळी गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. सभेनंतर चहा आणि बिस्किटे आली. कोणी चहा प्याले, कोणी भिडेखातर पेला हातात धरून खाली ठेवला, कोणी नुसते बसून राहिले. एवढेच झाले. पण तिथे गोपाळराव जोशीही होते. हे गोपाळराव म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. मोठा विक्षिप्त गृहस्थ, कोणाची कळ कुठे काढावी याचा पक्का हिशेब ठेवणारा. त्यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली.

झाले! ना खून ना दरोडा, नुसता चहा. पण पुण्यात जणू सदाशिव पेठेला आग लागली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चौकशीला शास्त्री नेमले गेले. कोण किती प्याले, कोणी बिस्किट मोडले, कोणी मोडले नाही, याचा कीस पडला. आज ज्या गावात ग्रामसभेला गणपूर्तीपुरती माणसे जमत नाहीत, तिथल्या लोकांनी कल्पना करावी, की एका पेल्यातल्या चहासाठी दीड-दोन वर्षे धर्मसभा चालली! रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांचे सुधारक मित्रच त्यांच्यावर रागावले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. तरी त्यांच्या घरच्या कार्याला भटजी मिळायची पंचाईत झालीच. ज्या टिळकांना पुढे इंग्रज सरकार वठणीवर आणू शकले नाही, त्यांना एका भटजीने काही काळ तरी अडवून दाखवले. माझ्या मते महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांच्या इतिहासात दर शब्दामागे सर्वांत जास्त धुरळा उडवणारा मजकूर म्हणजे ही यादी. तिच्यात क्रियापद एकही लागत नाही.

आगरकरांच्या 'सुधारका'तल्या लेखांची शीर्षके तर वाचकाला दाराशीच अडवून जाब विचारीत. 'शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार' हे त्यांतले एक. विरोधकांनी काय करावे? जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढली! प्रेतसंस्कारांवर टीका लिहिणाऱ्याने स्वतःची अंत्ययात्रा जितेपणी पाहिली, असे उदाहरण दुसरे मला तरी ठाऊक नाही. असो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मी दर वर्षी वर्गात एक प्रश्न विचारतो, की १८९७ साली टिळकांना शिक्षा कोणत्या लेखासाठी झाली? सगळा वर्ग एका सुरात उत्तर देतो, "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" मागच्या बाकावरचा, ज्याला पानिपतचे साल येत नाही, त्यालाही हे येते. आणि उत्तर चूक आहे!

घडले ते असे. पुण्यात प्लेग आला. प्लेग कमिशनर रँड यांच्या अमलाखाली गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले. देवघर म्हणू नये, माजघर म्हणू नये. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून परतताना रँडवर आणि लेफ्टनंट आयर्स्टवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला गेला. गुन्हेगार सापडेना, तेव्हा सरकारने सगळ्या शहरावरच राग काढला आणि जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च नागरिकांच्या माथी मारला. त्यावर ६ जुलैच्या 'केसरी'त तो प्रसिद्ध प्रश्न आला, "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" पुढच्याच मंगळवारी, १३ जुलैला, दुसरा मथळा, "राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे." २७ जुलैला टिळकांना मुंबईत पकडले.

आता कोणालाही वाटेल की डोक्याची चौकशी केली म्हणून डोके धरले. पण आरोपपत्र उघडले तर त्यात अंक निघाला १५ जूनचा! म्हणजे रँडवर गोळी सुटण्याच्या आठवडाभर आधीचा. त्या अंकात शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाचा वृत्तान्त होता. त्यात अफझलखानाच्या वधावरची भाषणे होती. शिवाय 'शिवाजीचे उद्गार' ही कविता होती, तिच्याखाली कवीच्या नावाऐवजी भवानी तलवारीची खूण. महाराज जागे होऊन देशाची दशा पाहतात आणि हळहळतात, असा तिचा आशय. सरकारचे म्हणणे असे, की हे वाचून लोकांच्या मनात विष कालवले गेले. म्हणजे पहा, ज्या मथळ्याने सरकारचे डोके काढले तो सुटला, आणि ज्या कवितेत सरकारचे नावही नको होते ती अडकली. हे एका अर्थी हुशारीचेच होते. कोर्टात "आमचे डोके ठिकाणावर होते" हे सिद्ध करण्याचे ओझे सरकारने अंगावर घेतले नाही.

न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कायदा समजावताना तर कमाल केली. राजद्रोहाच्या कलमात, म्हणजे १२४ अ मध्ये, जो इंग्रजी शब्द होता, त्याचा अर्थ त्यांनी सांगितला 'प्रीतीचा अभाव'. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! आता श्रोतेहो, सारावसुलीच्या दिवसांत तलाठ्याकडे पाहून ज्याच्या मनात प्रेमाचे भरते येते, असा शेतकरी तुम्ही पाहिला आहे काय? या व्याख्येने मोजायचे तर साऱ्या मावळ्याच्या मुलखाला डोंगरीत जागा पुरली नसती. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष म्हटले. १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढे १८९८ साली सरकारने या कलमात दुरुस्ती करून शब्दांचा खुलासा घातला. प्रेम सक्तीचे करण्यात काही अडचण आहे, एवढे ध्यानात आले असावे. मॅक्स म्युलर यांच्यासारख्या पंडितांनी रदबदली केली आणि ६ सप्टेंबर १८९८ ला टिळक मुदतीआधी सुटले. 'केसरी'ची सूत्रे पुन्हा हाती घेतल्यावर त्यांनी अग्रलेखाला मथळा दिला "पुनश्च हरिः ॐ". तुरुंगातून आलेल्या माणसाने इतक्या कमी शब्दांत क्वचितच कोणी उत्तर दिले असेल.

या खटल्यातले आणखी एक पात्र लक्षात ठेवा. टिळकांना जामीन मिळावा म्हणून हायकोर्टात बाजू मांडणारे वकील होते दिनशा दावर. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो जामीन दिला. हे दावर आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

अकरा वर्षे गेली. १९०८ साली एप्रिलच्या अखेरीस मुझफ्फरपूरला खुदीराम बोसांच्या बॉम्बने, साहेब चुकून, दोन इंग्रज स्त्रिया मारल्या गेल्या. त्यावर 'केसरी'त लेखमाला सुरू झाली. १२ मेचा मथळा होता "देशाचे दुर्दैव". ९ जूनचा मथळा "हे उपाय टिकाऊ नाहीत". आता हे दोन मथळे जरा कानावर घ्या. त्यांत कुठे तलवार आहे? कुठे कोणाचे डोके काढले आहे? "हे उपाय टिकाऊ नाहीत" हे तर पावसाळ्यात शाळेच्या गळक्या कौलांवर डांबर फासणाऱ्या गवंड्याला मुख्याध्यापकाने म्हणावे, तसे वाक्य. सरकारने नुकतेच स्फोटक पदार्थांचा आणि वर्तमानपत्रांचा असे दोन कडक कायदे केले होते. दडपशाहीने बॉम्ब थांबणार नाहीत, लोकांना हक्क द्या, एवढेच त्या लेखाचे म्हणणे. पण या मवाळ टोपीखाली सरकारला बॉम्ब दिसला.

झडतीत पुण्याच्या घरी एक कार्ड सापडले. त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेली! पोलिसांना घबाड मिळाल्यासारखे झाले. टिळकांनी सांगितले, स्फोटकांच्या कायद्यावर टीका लिहायची तर त्या कायद्यातल्या व्याख्या तपासायला पुस्तके नकोत का? विषयावर लिहिण्याआधी पुस्तक पाहावे, ही सवय गुन्ह्याचा पुरावा म्हणून कोर्टात पुढे आली. आम्हा मास्तर लोकांना हे ऐकून गहिवरून येते.

खटल्यात भाषांतराचा तर मोठा घोळ. लेख मराठीत, न्यायाधीश आणि बहुतेक ज्यूरी इंग्रजीत. सरकारी भाषांतरकाराने जे इंग्रजी केले ते मूळ मराठीपेक्षा कडक आहे, असे टिळकांनी त्याची उलटतपासणी घेऊन दाखवण्याचा प्रयत्न केला. मराठी माणूस सहज जे शब्द बोलतो, ते इंग्रजीत गेले की दात विचकतात, असा त्यांचा रोख होता. त्यांनी स्वतःच बाजू मांडली. किती वेळ? २१ तास १० मिनिटे! माझा तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो आणि त्यातली शेवटची दहा मिनिटे मुले घड्याळ पाहतात.

समोर न्यायासनावर कोण होते? दिनशा दावर! अकरा वर्षांपूर्वी याच माणसाला जामीन द्या म्हणून जे बोलले, तेच आता निकाल देणार होते. २२ जुलैला रात्री उशिरापर्यंत कोर्ट चालले. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी; मते पडली सातास दोन. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, टिळकांचा वाढदिवस होता, बावन्न वर्षे पुरी होण्याचा. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्यांतले पुष्कळ आपल्याच कोकणातले आणि घाटावरचे. 'केसरी'चा अग्रलेख अथपासून इतिपर्यंत वाचलेले त्यांत किती असतील? पण मथळा त्यांच्यापर्यंत पोचला होता. रशियातल्या लेनिननेसुद्धा या संपाची नोंद घेतली.

टिळकांना मंडालेला नेले. तिथे त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले. ते १९१५ साली छापून आले. ज्या उपायाला ते टिकाऊ नाही म्हणाले होते, त्या उपायाने एक टिकाऊ ग्रंथ तेवढा पैदा केला. १९१४ च्या जूनमध्ये ते पुण्यात परतले, तोवर सौभाग्यवती सत्यभामाबाई वारल्या होत्या. १९१२ साली त्यांची बातमी मंडालेला तारेने गेली. मथळ्याचा हिशेब करताना ही रकमही मांडली पाहिजे.

त्याच १९०८ साली आपल्या शेजारच्या एका माणसावरही पाळी आली. शेजारचा म्हणतो याचे कारण, भोरहून वरंधा घाट उतरला की महाड, आणि शिवरामपंत परांजपे महाडचे. त्यांचा 'काळ' १८९८ पासून निघत होता. यांची तऱ्हा टिळकांच्या उलट. टिळक सरळ विचारणार, डोके ठिकाणावर आहे काय. शिवरामपंत सरकारची एवढी स्तुती करणार की सरकारला घाम फुटावा. उपरोध हे त्यांचे हत्यार. उपरोधाचे सरकारी भाषांतर करणे म्हणजे मोठा कठीण मामला. शब्द पाहावे तर आरती आणि सूर पाहावा तर शिमगा! तरी सरकारने तेवढे जमवले आणि त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. मग १९१० चा प्रेस कायदा आला. छापखान्याकडून आधीच जामीन मागायचा, म्हणजे मथळा लिहिण्यापूर्वीच दंड. 'काळ' त्यात बंद पडला.

या १९१० च्या कायद्याशी भोरचाही संबंध आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. त्या कायद्यात संस्थानिकांवर टीका करणाऱ्या पत्रांनाही बांध घातलेला होता. १९२२ साली तो कायदा रद्द झाला आणि राजेरजवाडे एकदम उघडे पडले. आता पुण्यामुंबईच्या संपादकाने आपल्यावर मथळा झाडला तर काय करायचे? म्हणून सरकारने संस्थानिकांना अप्रीतीपासून वाचवणारे विधेयक आणले. पुन्हा तीच अप्रीती! दिल्लीच्या कायदेमंडळाने ते मांडायलाच परवानगी नाकारली. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात त्यावर शिक्का मारून ते कायद्यात आणले. म्हणजे त्या वेळेपासून पुण्याच्या संपादकाने भोर दरबाराविषयी मथळा लिहायचा तर त्याला पुण्यातच पकडण्याची सोय झाली. १९३४ साली अशाच कायद्याची आणखी एक भर पडली.

८ मार्च १९४८ ला भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजगड-तोरण्याचा वेल्हे भाग पुणे जिल्ह्यात आला. २०२४ साली त्याच तालुक्याला राजगड हे नाव मंजूर झाले. आणि पुण्याहून एस.टी.च्या टपावरून येणारा वर्तमानपत्रांचा गठ्ठा नीरेचा पूल ओलांडताना परमुलखात शिरेनासा झाला.